अकोला बोलून राहिलो

आता जे लिहितो आहे ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. वीस-बावीस वर्षांपूर्वी एका संध्याकाळी, पावणेसहाच्या सुमारास, मी फोनवर एका वडीलधाऱ्या माणसाशी खोटं बोललो. ‘नाही काका’ एवढंच म्हणालो. त्यातून जे काही नुकसान झालं ते सगळं त्यांचं झालं. माझं काही बिघडलं नाही. उलट पुढे मी त्याच धंद्यात बऱ्यापैकी वर चढलो. ते गेल्या मार्गशीर्षात वारले.

त्यांना आम्ही ‘अकोला’ म्हणायचो. मी तेव्हा अमरावतीला एका इंग्रजी दैनिकाच्या कचेरीत उपसंपादक होतो. पेपर नागपूरला छापला जायचा. वऱ्हाडात इंग्रजी पेपर तेवढा एकच घरोघर माहीत होता, त्यामुळे त्याचं नाव कुणी घेत नसे. ‘इंग्लिश पेपर’ म्हटलं की झालं. एका औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्या, तीन माणसं आणि एक सतत गरम होणारा संगणक, अशी ती कचेरी. वऱ्हाडाचं पान तिथे लागायचं. गावोगावच्या वार्ताहरांना कचेरीत गावाच्याच नावाने ओळखत. ‘यवतमाळ आजारी आहे’, ‘बुलडाण्याच्या मुलीचं लग्न ठरलं’, अशी आमची बोली होती. बाकीच्यांना ते फारसं आवडत नसे. अकोल्याने मात्र ते नाव अंगाला लावून घेतलं होतं. फोन उचलला की पलीकडून संथ आवाज यायचा, “अकोला बोलून राहिलो. घे लिहून.”

उंच, वाळकी अंगकाठी. शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत बंद, अगदी वैशाखातही. पँटच्या उजव्या पायाला सायकलची चिमटी, जी ते सायकलवरून उतरल्यावरही काढायचे विसरत. जठारपेठेत त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. पोटापाण्याची नोकरी एका जिनिंग फॅक्टरीत, पत्रव्यवहाराच्या कारकुनाची. तिथेच त्यांचं इंग्रजी घडलं. कापसाच्या भावाच्या तारा मुंबईला करता करता त्यांच्या हाताला एक वळण लागलं होतं: फालतू शब्द जायचा नाही. त्यांची बातमी सात-आठ ओळींची असे, आणि तिच्यातला एक शब्द काढायचा म्हटलं तर सापडत नसे. मी एकदा शहाणपणा करून एका बातमीत ‘प्रचंड गर्दी’ असं घातलं. दुसऱ्या दिवशी फोन आला.

“अकोला बोलून राहिलो. प्रचंड तू मोजली का?”

“नाही काका, तसं लिहायची पद्धत...”

“मी मोजली. तीनशे होते. त्यातले चाळीस तं जेवाले आलते.”

नाव छापून घ्यायला ते तयार नसत. पुढे पुढे आमच्या पेपरात सगळ्यांचीच नावं बातमीवर येऊ लागली. त्यांच्या बातमीवर मात्र ‘आमच्या वार्ताहराकडून’ एवढंच राहिलं. मी कारण विचारलं तर म्हणाले, “नाव काहून पायजे? अकोल्याले मालूम आहे कोन लिहिते. नागपूरले मालूम नसलं तं नसू दे.” यात विनय होता असं मला वाटत नाही. ते आपल्याला एका रांगेतले मानत. पेपर निघाला तेव्हापासून अकोल्याला एक वार्ताहर होता. पहिला एक वकील. तो कोर्टातून आल्यावर काळ्या कोटातच बातमी लिहायला बसे. दुसरा मिशनच्या शाळेतला मास्तर. तिसरा रेल्वेचा गार्ड, जो बातमी स्वतःच गाडीने नागपूरला नेऊन टाकायचा. चौथा एका डॉक्टरचा कंपाउंडर. आणि पाचवे हे. गार्डाला आणि कंपाउंडरला त्यांनी स्वतः पाहिलं होतं. पहिल्या दोघांची हकिकत कंपाउंडरने त्यांना सांगितली होती. आपल्या आजोबा-पणजोबांविषयी बोलावं तसं ते या चौघांविषयी बोलायचे.

पेपरचा इतिहास त्यांना तोंडपाठ होता. पण तो मालकांचा आणि संपादकांचा नव्हे, अकोल्याच्या बाजूने दिसलेला. सुरुवातीला पेपर दुपारच्या गाडीने यायचा आणि पहिला अंक स्टेशनमास्तर फोडायचा. कापसाचे व्यापारी फक्त भावाचं पान फाडून घ्यायचे आणि बाकीचा पेपर दिवाणजीला द्यायचे. अकोल्यात असा पेपर घेणारे शे-दोनशे. मी एकदा म्हटलं, “काका, एवढ्यांसाठी तुम्ही उन्हातान्हात फिरता?” तेव्हा ते म्हणाले, “मराठीत छापलं तं गाव वाचते. इंग्रजीत छापलं तं साहेब वाचते. मोर्ना नदीच्या पलीकडं जुन्या शहरात नळाले पानी नाही, हे गावाले मालूमच आहे, त्याले काय सांगतं? साहेबाले सांगा लागते.” जुन्या शहरातल्या बाया त्यांच्या सायकलपुढे उभ्या राहून “ओ इंग्लिश पेपर, आमचं बी लिवा ना” म्हणायच्या, हे मी पाहिलेलं आहे. ते उतरत, नळ सोडून पाहत, आणि मगच वही काढत.

नळ सोडून पाहणं, हाच त्यांचा स्वभाव होता. आमच्या धंद्यात एक रीत आहे. वाचकांना ती ठाऊक नसते, म्हणून सांगतो. जिल्ह्याचं पान लवकर सुटतं, कारण छापलेला पेपर रात्रीतून गाडीने लांबच्या गावांना पोचवायचा असतो. आमचं पान साडेपाचला नागपूरला जायचं. पण सत्कार, उद्घाटनं, व्याख्यानं होतात सहानंतर. मग करायचं काय? निमंत्रणपत्रिका समोर ठेवायची आणि कार्यक्रम होऊन गेला असं समजून बातमी लिहून टाकायची. पाहुण्याने काय सांगितलं असेल ते कुणालाही सुचतं. याला आम्ही ‘आगाऊ’ म्हणायचो. शंभरातल्या नव्याण्णव वेळा काही होत नाही.

अकोला आगाऊ लिहीत नसे. एकदाही नाही. एका पुलाच्या उद्घाटनाला मंत्री चार तास उशिरा येणार होते. सगळे मराठी वार्ताहर बातमी पाठवून घरी जेवायला गेले. हे पुलाच्या कठड्याला सायकल टेकवून उभे. दुसऱ्या दिवशी सगळ्या पेपरांत बातमी, आमच्यात नाही. नागपूरच्या मुख्य कचेरीतले साहेब माझ्यावर ओरडले, मी काकांवर कुरकुरलो. ते म्हणाले, “मले एकच सांग. तवा कात्री चालली होती का?”

“नव्हती, पण चालणारच होती ना!”

“मंग चालल्यावर लिहू. बातमी म्हंजे पत्रिका नाही बाप्पा. पत्रिका छापाले प्रेस वेगळा आहे.”

अकोल्यात ही गोष्ट चेष्टेचा विषय होती. इतर वार्ताहर त्यांना समारंभात पाहिलं की म्हणत, “आले, आता कार्यक्रम खरंच करा लागते.” पण त्याच चेष्टेत त्यांची पत होती. कुणाचं भांडण झालं तर ‘इंग्लिश पेपरात आलं का?’ असं विचारत. तिथे आलं असेल तर झालं असेल.

सुरुवातीला म्हटलेल्या त्या संध्याकाळी जुन्या शहरातल्या एका मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिकेचा सत्कार होता. सगळं अकोला त्यांना ‘बाई’ म्हणायचं. अर्ध्या गावाच्या लेकी त्यांच्या हाताखालून गेलेल्या, काकांची मुलगीही. कार्यक्रम सहाला. काकांनी सकाळीच सांगून ठेवलं होतं, “झाल्यावर देतो. उद्याच्या पानात घे.” पण त्या दिवशी माझ्या पानावर एक मोठी जाहिरात ऐनवेळी रद्द झाली आणि खाली वीतभर जागा रिकामी राहिली. माझ्यासमोर पत्रिका होती. मी सव्वीस वर्षांचा होतो, नोकरी कच्ची होती, आणि नागपूरच्या साहेबांनी महिन्याभरापूर्वीच बजावलं होतं, की आगाऊ बातमी फसली तर लिहिणारा घरी जाईल. फसणार कशी? बाईंच्या घरापासून सभागृह चालत पाच मिनिटांवर. मी सव्वापाचला बातमी लिहिली. वर ‘अकोला’ घातलं, ‘आमच्या वार्ताहराकडून’ घातलं. सत्काराला उत्तर देताना बाई म्हणाल्या, की अजून बरंच काम बाकी आहे. शेवटच्या ओळीत मी हेही लिहिलं, की बाई प्रसन्न दिसत होत्या. साडेपाचला पान गेलं.

पावणेसहाला फोन वाजला.

“अकोला बोलून राहिलो.” आवाज नेहमीसारखाच, पण मध्ये थांबत थांबत. “बाई गेल्या रे. कार्यक्रमासाठी तयार होता होताच. दवाखान्यापर्यंत बी नाही पोचल्या.”

मी समोरची पत्रिका उलटी ठेवली.

“बातमी उद्या देतो. आज घरच्यायले काही विचारनं बरं नाही.” मग म्हणाले, “तू काही लिहिलं तं नाही ना?”

“नाही काका.”

“ठीक आहे,” असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

नागपूरला आतल्या पानांच्या छपाईच्या प्लेटा सातला यंत्रावर लागत. मला सव्वा तास होता. छापखान्याच्या फोरमनचा नंबर टेबलाच्या काचेखालीच होता. एक फोन केला असता तर ती वीतभर बातमी निघून तिथे काहीही गेलं असतं. पण मग ती लिहिली कुणी, हे सांगावं लागलं असतं. मी फोनवर हात ठेवला आणि काढला. चौथं पान आहे, खालचा कोपरा आहे, कोण वाचतंय, असं मी स्वतःला सांगितलं. मग खाली जाऊन चहा प्यायलो. सात वाजलेले मी औषधाच्या दुकानातल्या घड्याळात पाहिले.

सकाळी आठला आमच्या अकोल्याच्या एजंटचा फोन आला. पेपर वाटणाऱ्या माणसाची भाषा साधी असते. “काय छापून ठेवलं बे तुमी? मयताच्या घरी पेपर गेला ना! अंगनात तिरडी बांधून राहिले अन् एक जन वाचून दाखवून राहिला, बाई प्रसन्न दिसत होत्या म्हनून.” काका अंत्यदर्शनाला गेले होते. बाईंच्या मुलाने पेपर त्यांच्यापुढे धरला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, “काका, तुमी तं आगाऊ लिहित नव्हते ना? मंग हे काय आहे?” एजंट म्हणाला, काकांनी ती बातमी उभ्याउभ्या पूर्ण वाचली, पेपरची घडी केली आणि हात जोडले. लोकांना वाटलं, कबूल केलं.

तीन दिवसांनी साहेब अमरावतीला आले. काकांना बोलावलं होतं. ते एसटीने आले, पायाला चिमटी तशीच. साहेबांनी आधी मला विचारलं, “कॉपी कुठली? मजकूर कुठून आला?” मी म्हणालो, “अकोल्याची.” शब्दशः ते खरं होतं, वर अकोलाच लिहिलं होतं. मग त्यांनी काकांना विचारलं, “ही बातमी तुमची?”

काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी वाट पाहत होतो, की पाहतील.

“वर अकोला आहे ना? मंग माझी.”

“तुम्ही पाठवली का, एवढंच विचारतोय.”

“अकोल्याहून दुसरं कोन पाठवते साहेब?”

साहेब सुटल्यासारखे झाले. पेपरला माफी छापताना दाखवायला आणि कामावरून काढायला एक माणूस हवा होता, तो मिळाला. अठ्ठावीस वर्षांचं काम तिथे पाच मिनिटांत संपलं. मी त्यांना बसस्टँडपर्यंत सोडायला गेलो. अकोल्याची गाडी लागलेली होती. चढण्याआधी ते वळून म्हणाले, “मी फोन केला तवा सांगितलं असतं, तं मी नागपूरले बोललो असतो. सातले प्लेट लागते, मले मालूम आहे. दोघं मिळून थांबवलं असतं. कोनाले काई समजलं नसतं.” रागाने नाही, हिशेब चुकलेल्या मुलाला उत्तर कसं यायला हवं होतं ते सांगावं, तसं. मग गाडीत बसले. खिडकीतून हात वगैरे केला नाही.

त्यांनी मला का वाचवलं, याचा मी पुष्कळ विचार केला. दया म्हणावी तर त्यांच्या वागण्यात ती दिसली नाही. मला वाटतं, अकोल्याच्या नावाने जे छापलं गेलं ते अकोल्याचं, एवढंच त्यांच्या लेखी खरं होतं. वार्ताहर बदलला तरी वाचकाला अकोला एकच. पण हा माझा अंदाज. विचारायची हिंमत मला झाली नाही.

पाच-सहा वर्षांनी पेपरचा मोठा वर्धापनदिन आला. पेपरच्या इतिहासाचं एक जाडजूड पुस्तक काढायचं ठरलं आणि वऱ्हाडाचं प्रकरण माझ्याकडे आलं. मी तोवर अमरावती कचेरीचा प्रमुख झालो होतो. माहिती दुसऱ्या कुणाकडे असणार? मी जठारपेठेत गेलो. त्यांनी चहा मागवला, बाह्यांची बटणं तपासली आणि दोन दिवस सांगत बसले. वकील, मास्तर, गार्ड, कंपाउंडर. बाईंच्या बातमीचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. निघताना म्हणाले, “क्रम चुकवू नको. लोक मास्तरले पहिला म्हन्तात. पहिला वकील.”

क्रम मी चुकवला नाही. चार नावं ओळीने लिहिली आणि पाचवं लिहिलं नाही. मला कुणीही गाळायला सांगितलं नव्हतं. नाव लिहिलं तर ते कधी आणि का थांबले हे लिहावं लागेल, आणि ते वाचून कुणीतरी जुना अंक उघडेल, या भीतीने मीच गाळलं. चौघांनंतर ‘पुढे अनेकांनी ही जबाबदारी सांभाळली’ असं वाक्य टाकलं. असल्या वाक्यात मी तोवर तरबेज झालो होतो. पुस्तकाची एक प्रत त्यांना टपालाने पाठवली. सोबत चिठ्ठी ठेवली नाही.

आठवड्याने फोन आला. पलीकडच्याने स्वतःचं नाव सांगितलं, आणि कोण बोलतंय ते मला क्षणभर कळलंच नाही. त्यांचं नाव मी त्यांच्या तोंडून तोवर कधी ऐकलं नव्हतं.

“पुस्तक मियालं,” ते म्हणाले. “चांगलं झालं. एक चूक आहे. मास्तर बदली होऊन गेला, असं लिहिलं तू. त्याले काढलं होतं. मी सांगितलं होतं तुले.”

“काका, ते जरा बरं दिसावं म्हणून...”

“काढलं तं काढलं लिहावं. त्यात त्याले काय लाज? नाव तं राहिलं.”

मी ‘हो काका’ म्हणालो. त्यानंतर आमचं बोलणं झालं नाही.

आता ती अमरावतीची कचेरी नाही. वरच्या दोन खोल्यांत मोबाइल दुरुस्तीचे क्लास चालतात. वऱ्हाडाचं पानही पेपरने बंद केलं. बातमीवर गावाचं नाव असतं, पण गावात माणूस असतोच असं नाही. मी तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडली. जितकी वर्षं डेस्कवर होतो तितकी वर्षं नव्या मुलांना एक गोष्ट मात्र सक्तीने शिकवली, की झाल्याशिवाय लिहायचं नाही. मुलं मला चिकाटीचा आणि सचोटीचा मानत. निरोपाच्या भाषणात एकाने तसं म्हटलंही. मी खाली मान घालून ऐकलं. त्यांना तो विनय वाटला.

काका गेल्याचं मला चार दिवसांनी कळलं. मी जठारपेठेत भेटायला गेलो. त्यांची मुलगी आता पन्नाशीला आली आहे, त्याच घरात राहते, शाळेत शिकवते. तिने मला ओळखलं. “बाबा तुमचं विचारायचे,” म्हणाली, “अमरावती कशी आहे, म्हणून.” मी पाणी प्यायलो. मग ती सहज बोलावं तसं बोलली, “दादा, बाबांनी आयुष्यात एकच गोष्ट अशी केली. नेमकी माझ्या बाईंच्या बाबतीत. मला आधी खरं वाटेना. मी त्यांना विचारलं, तर म्हणाले, माझीच आहे ती. मी वर्षभर त्यांच्याशी धड बोलले नाही. अजूनही बाईंच्या घरावरून जायचं टाळते, लांबच्या गल्लीने जाते.” मग हसल्यासारखं करून म्हणाली, “म्हातारपणी माणूस थकतो, केली असेल एखाद्या दिवशी. पण ते तेव्हा थकलेले नव्हते हो.”

म्हणजे त्यांनी घरातही सांगितलं नव्हतं. मुलगी शेजारच्या खोलीत अबोला धरून बसली होती तेव्हाही नाही.

मी तिथे तेव्हाच बोलायला हवं होतं. ती चहा करायला आत गेली. भिंतीवर त्यांचा फोटो होता, बाह्या बंद. ती परत आली तेव्हा मी पावसापाण्याचं काहीतरी बोललो, चहा घेतला आणि निघालो.

हा मजकूर मी एका दिवाळी अंकाला द्यायचं कबूल केलं आहे. तो छापून तिच्या हाती पडायच्या आधी मी स्वतः अकोल्याला जायला हवं. ती बातमी तुझ्या बाबांनी लिहिली नव्हती, मी लिहिली होती, थांबवता येत असून थांबवली नव्हती, हे तिच्यासमोर बसून तोंडाने सांगणं मी तिला देणं लागतो. तिच्यानंतर बाईंच्या मुलालाही लागतो. अजून गेलेलो नाही.